औषध कोणी द्यावे?

औषधांच्या कोणत्याही दुकानात शिरले की गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, एक काचेची चौकट टांगलेली दिसते. तिच्यात सरकारी परवाना असतो आणि त्या परवान्यावर एका माणसाचे नाव असते. औषधे त्या माणसाच्या देखरेखीखाली द्यावयाची असतात. गिऱ्हाईक ती चौकट वाचीत नाही. तापाच्या गोळ्या घेतो, सुटे पैसे मोजतो आणि चालू लागतो. आम्ही मात्र वाचतो. कामगारांच्या चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला भिंतीवरचा कागद वाचण्याची खोड लागते. हजेरीचे नियम, पाळ्यांची वेळापत्रके, बडतर्फीच्या नोटिसा, सारे काही भिंतीवरच लागते.

त्या चौकटीत नाव कोणाचे यावे, हे कोणी आणि कधी ठरविले? आणि ज्या माणसाला कोर्टाने एकदा शिक्षा केली, त्याचे नाव तेथे येऊ शकते काय? व्याख्यानाला एवढे दोन प्रश्न पुरेत. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि कायदा शिकलो तो मालकांच्या नोटिसांना उत्तरे लिहिता लिहिता. तेव्हा पंडितांनी आमची भाषा पोटात घालावी; कलमे मात्र आम्ही नीट वाचून आलो आहोत.

या गोष्टीची सुरुवात करायची तर इंग्लंडातल्या एका आठवड्याच्या बाजारापासून केली पाहिजे, कारण आपल्याकडचे पुष्कळसे कायदे तिकडच्या साच्यातून निघालेले आहेत. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. १८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, शनिवारी संध्याकाळी, हार्डेकर नावाचा एक फेरीवाला तेथल्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकीत होता. साखर त्या काळी महाग असे. म्हणून गोळ्या करणारे लोक साखरेत स्वस्त पांढरी भुकटी मिसळीत. बहुधा ती जिप्समची असे आणि त्या धंद्यात तिला एक टोपणनाव होते. हार्डेकरला गोळ्या पुरविणारा नील. त्याने ही भुकटी आणण्यासाठी आपल्याकडे राहणाऱ्या एका माणसाला जवळच्या गावातील हॉजसन या औषधविक्याकडे धाडले. हॉजसन आजारी, अंथरुणावर. दुकानात होता त्याचा हाताखालचा पोरगा, गॉडार्ड. मालकाने सांगितले, अमुक पिंपात आहे, काढून दे. पोराने काढून दिले ते बारा पौंड सोमल. दोन्ही पांढरे, दोन्ही बारीक, आणि पिंपावर ठळक नाव लिहिलेले नाही.

गोळ्या करणारा कारागीर करता करताच आजारी पडला, तरी कोणाला शंका आली नाही. माल नेहमीपेक्षा जरा निराळा दिसतो म्हणून हार्डेकरने भावात घासाघीस केली, एवढेच. सोमवार उजाडेपर्यंत गावात मुले मरू लागली होती. सुमारे वीस माणसे गेली, दोनशेच्या वर आजारी पडली. पोलिसांनी प्रथम धरले ते गॉडार्डला. आमच्या श्रोत्यांना याचे नवल वाटू नये. कोठेही अपघात झाला की पहिला हात सर्वांत खालच्या माणसाच्या मानगुटीवर पडतो. पुढे औषधविक्या आणि गोळीवाला यांच्यावरही आरोप आले. पण अखेरीस कोणालाच शिक्षा झाली नाही. शिक्षा व्हावी असा कायदाच नव्हता.

सोमलाविषयी कायदा होता, नव्हता असे नाही. १८५१ च्या कायद्याने सोमल विकताना गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहिणे आणि थोड्या प्रमाणात विकला जाणारा सोमल काजळी किंवा नीळ घालून रंगविणे सक्तीचे केले होते. परंतु येथे सोमल कोणी मागितलाच नव्हता, आणि आपण सोमल देत आहोत हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. विकलेल्या वस्तूची नोंद ठेवून काय उपयोग, विकणाऱ्यालाच ती वस्तू ओळखता येत नसेल तर? कायदा आजवर मालावर नजर ठेवीत होता, आता ती माणसावर ठेवणे भाग पडले. दहा वर्षांनी, १८६८ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरविले की यादीतील विषे नोंदणी झालेल्या औषधविक्यानेच विकावीत आणि नोंदणीसाठी परीक्षा असावी.

त्यात एक खुबी होती. जे आधीपासून दुकान चालवीत होते त्यांना परीक्षा नव्हती. ते जसेच्या तसे यादीत आले. परीक्षा नव्यांना. ज्या पिढीच्या हातून ब्रॅडफर्ड घडले, ती पिढी परीक्षेवाचून आत, आणि पुढच्या पिढीतील गॉडार्डने मात्र लॅटिन घोकावे! तरीही आम्ही या सवलतीला नावे ठेवणार नाही. एका दिवसात हजारो माणसांची पोटे उचकटून कोणताही धंदा सुधारत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की दार बांधताना आधी घरात कोण बसले आहे ते पाहून बांधतात. हीच युक्ती आपल्याकडे पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे औषधशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण प्रथम दिसते ते गोव्यात. १८४२ साली पोर्तुगीज सरकारने पणजीला वैद्यकीय शाळा काढली, तिच्यात औषधनिर्मितीचाही अभ्यास होता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात त्याच शतकाच्या उत्तरार्धात असे वर्ग निघाले. बाकीचा देश चालला तो कंपाउंडरांच्या जिवावर.

कंपाउंडर ही जात आता जवळजवळ संपली; पण या सभागृहातील वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. डॉक्टरांच्या खोलीला लागून लाकडी फळीचा आडोसा, त्यात एक लहान खिडकी, आणि खिडकीच्या आत बाटल्यांच्या रांगेपुढे उभा असलेला एक माणूस. गुलाबी मिक्श्चर, पांढरे मिक्श्चर, खलात कुटलेली पूड, तिच्या सारख्या पुड्या. घरून नेलेली बाटली तो विसळून घेई आणि भरून झाली की कागदाची पट्टी दुमडून, कात्रीने दोन्ही बाजूंनी खाचे पाडून, बाटलीवर चिकटवी. एक खाचा म्हणजे एक मात्रा. निरक्षर बाईलाही ते कळे. औषध नीट हलवून घ्या, उपाशी पोटी नको, तिखट-आंबट वर्ज्य, हे सांगणारा तोच. डॉक्टरांचे अक्षर फक्त त्याला लागे. त्याला पगार काय होता ते विचारू नये. त्याला सुट्टी नव्हती, पेन्शन नव्हते. डॉक्टर वारले आणि मुलाने दवाखाना विकला, की चाळीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब एका दिवसात मिटे.

या मंडळींच्या हातात औषध येई ते मात्र कसे असे? हिवतापाने गावेच्या गावे झोपत आणि बाजारातल्या क्विनीनमध्ये भेसळ असे. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये हारून जाफर यांनी औषधांवर कायद्याचे नियंत्रण असावे असा ठराव आणला. सरकार हलले ते तीन वर्षांनी. ऑगस्ट १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. औषधांच्या दर्जावर देखरेख असावी, आणि औषध बनविणे व देणे हा शिक्षण घेतलेल्या, नोंदलेल्या माणसांचा स्वतंत्र व्यवसाय व्हावा, असे समितीचे सांगणे होते. पहिल्या भागाचा कायदा १९४० मध्ये झाला, दुसऱ्याचा ४ मार्च १९४८ रोजी. तोच हा फार्मसी कायदा. म्हणजे ठरावापासून कायद्यापर्यंत एकवीस वर्षे. तेवढ्यात एक महायुद्ध होऊन गेले आणि राज्यही बदलले.

या १९४८ च्या कायद्यातील जे कलम आम्हांला सर्वांत माणुसकीचे वाटते ते एकतिसावे. प्रत्येक प्रांतात फार्मासिस्टांची पहिली यादी करावयाची होती. तिच्यात पदवीधर आणि पदविकाधारक तर आलेच. सरकारने मान्य केलेली कंपाउंडरची परीक्षा उतरलेले आले. दुसऱ्याच विषयातला पदवीधर असेल तर तीन वर्षांचा अनुभव पुरे. आणि ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही, पण जेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नियमाने औषधे दिली जातात अशा ठिकाणी पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केले आहे, तोही आला. वय मात्र अठरा पुरे हवे. खलबत्त्याला कायद्याने शाळेची बरोबरी दिली, असे पुन्हा फार वेळा घडलेले आम्हांला माहीत नाही. अर्थात अनुभव सिद्ध करावयाचा म्हणजे पुरावा आला, आणि तो ज्याच्या हाताखाली राबले त्याच्याकडूनच मिळावयाचा. दाखला देणारा डॉक्टर भला असला तर कंपाउंडर फार्मासिस्ट झाला. डॉक्टर रुसला असला तर तो कंपाउंडरच राहिला.

नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवर औषध देऊ नये, ही बंदी असलेले बेचाळिसावे कलम मात्र लगेच लागू झाले नाही. राज्य सरकारने तारीख ठरवावी असे त्यात होते, आणि तारखा ठरेनात. शिकलेली माणसे पुरेशी नव्हती हे एक कारण, आणि दुकानदारांना कोण दुखवणार हे दुसरे. शेवटी १९७६ च्या दुरुस्तीपासून आठ वर्षांची मुदत ठरली आणि १ सप्टेंबर १९८४ पासून बंदी देशभर लागू झाली. त्याच दुरुस्तीने फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना, ब्रह्मदेश, श्रीलंका आणि युगांडा येथून हाकलले गेलेल्या किंवा परतलेल्या भारतीयांना यादीचे दार पुन्हा किलकिले करून दिले. त्यानंतर मात्र रस्ता एकच: बारावी विज्ञान, मग पदविका किंवा पदवी. पदविकेसाठी १९९१ च्या नियमांनी दोन वर्षांचा अभ्यास आणि वर पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम सांगितले होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो.

आमच्या संघटनेतील एका पोराची हकीकत आहे. नाव आम्ही सांगणार नाही. बाविसाव्या वर्षी तो एका कारखान्यात कंत्राटावर होता. थकलेल्या पगारासाठी माणसे फाटकाशी बसली. जमावबंदीचा हुकूम होता. शंभरावर लोकांना गाडीत घालून नेले. खटला तीन वर्षे रेंगाळला. दर तारखेला रोज बुडे. वकिलाने सांगितले, गुन्हा कबूल करून टाका, किरकोळ दंड होईल, कटकट मिटेल. त्यांनी कबूल केला, दंड भरला, आणि कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहिले. पुढे हा पोरगा एका औषधाच्या दुकानात घरपोच माल देऊ लागला; तेथे नावे वाचता वाचता त्याला गोडी लागली; रात्री अभ्यास करून तो पदविका घेऊन बाहेर पडला. मग एक दिवस नोकरीचा छापील अर्ज घेऊन आमच्याकडे आला. अर्जात प्रश्न होता: आपणांस कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? त्याने विचारले, "काका, इथं काय लिहू?"

उत्तर देण्याआधी आम्ही कायदा उघडला. आणि कायद्यात एक मौज आढळली. फार्मासिस्टांच्या यादीत येण्यासाठी जी कलमे आहेत, ती वय विचारतात, वास्तव्य किंवा व्यवसायाचे ठिकाण विचारतात, शिक्षण विचारतात. शिक्षा झाली आहे काय, असे ती कोठेही विचारीत नाहीत. ज्या इंग्लिश कायद्याचा साचा आपण घेतला त्यात, १९३३ च्या कायद्यात, शिस्तीची एक समिती नेमलेली होती आणि नव्या अर्जदाराला झालेली शिक्षाही ती विचारात घेऊ शके. आपण शिस्तीची कलमे बरीचशी तेथूनच उचलली. पण उंबऱ्यावरचा हा प्रश्न आपल्या कायद्यात आला नाही. आपले कायदेमंडळ विचारते ते माणूस घरात आल्यानंतर, छत्तिसाव्या कलमात.

ते कलम असे सांगते. राज्य परिषदेच्या कार्यकारी समितीला कोणाचेही नाव यादीतून काढता येते. मात्र त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. कारणे तीन. नाव चुकीने, किंवा खोटे सांगून अगर महत्त्वाची गोष्ट दडवून घातले गेले असेल, हे पहिले. कोणत्याही गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असेल, किंवा व्यवसायात लाजिरवाणे वर्तन केले असेल, आणि त्यामुळे तो यादीत राहण्यास लायक नाही असे समितीचे मत झाले असेल, हे दुसरे. आणि त्याच्या हाताखालच्या माणसाने तसे काही केले असेल, हे तिसरे. पण तिसऱ्याला पुष्कळ कुंपणे आहेत. फार्मासिस्टाची फूस किंवा डोळेझाक असली पाहिजे, अथवा मागल्या बारा महिन्यांत तसाच प्रकार घडलेला असला पाहिजे, वगैरे.

दुसऱ्या कारणापाशी थोडे थांबू. "कोणत्याही गुन्ह्याबद्दल." औषधात खडू मिसळणारा आणि मोर्चात घोषणा देणारा, दोघेही या दोन शब्दांत मावतात. हा कायदा १९४८ साली ज्या सभागृहाने केला तेथे कोण बसले होते ते आठवा. तुरुंगाची भाकर खाल्लेली माणसे शेकड्यांनी होती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर स्वतः ब्रिटिशांच्या कैदेत राहून आल्या होत्या. तरीही "कोणताही गुन्हा" हे शब्द तसेच राहिले. त्या मंडळींना वाटले असेल की आता राज्य आपले, समित्या आपल्या, शहाणपणाने वागतील. सगळा भार "समितीच्या मते" या शब्दांवर आहे. शिक्षा झाली म्हणून नाव आपोआप उडत नाही. त्या शिक्षेमुळे माणूस या कामाला नालायक ठरतो असे समितीचे मत व्हावे लागते. आमच्या वाचनाप्रमाणे गुन्ह्याचा त्या कामाशी काही धागा असला पाहिजे. पण हे आमचे वाचन. कलमात तो धागा स्पष्ट लिहिलेला नाही, आणि लिहिलेला असावा असे आमचे मागणे आहे.

दुकानाच्या परवान्याचे नियम या बाबतीत अधिक नेमके आहेत. १९४५ च्या औषध नियमांखाली परवाना देणारा अधिकारी अर्जदाराला नकार देऊ शकतो तो औषधकायद्याखालीच शिक्षा झाली असेल, किंवा पूर्वीचा परवाना रद्द वा स्थगित झाला असेल तर. मालकाच्या बाबतीत कायदा धंद्यापुरता पाहतो. हाताने काम करणाऱ्या फार्मासिस्टाच्या बाबतीत साऱ्या आयुष्यात डोकावतो. हे असे का, याचे उत्तर आम्हांला कोणी दिलेले नाही.

अमेरिकेत हा वाद दोनदा फार मोठ्या कोर्टात गेला, आणि दोनदा दोन उत्तरे आली. पहिला माणूस होता न्यूयॉर्कचा हॉकर नावाचा डॉक्टर. बेकायदा गर्भपाताबद्दल त्याला १८७८ मध्ये शिक्षा झाली, ती त्याने भोगली. पुढे १८९३ मध्ये कायदा आला की मोठ्या गुन्ह्याची शिक्षा झालेल्याने वैद्यकी करू नये. पंधरा वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यासाठी आता नवी शिक्षा का, असे त्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ते फेटाळले: ही शिक्षा नव्हे, वैद्याचे शील कसे असावे याची अट आहे, आणि झालेली शिक्षा हा शीलाचा पुरावा मानण्यास राज्य मुखत्यार आहे. तीन न्यायमूर्ती मात्र विरुद्ध होते. त्यांच्या मते ही गुन्हा घडून गेल्यानंतर वाढविलेली शिक्षाच होती.

दुसरा माणूस आमच्या मनाला अधिक जवळचा. रुडॉल्फ श्वेअर. गरिबीत वाढलेला ज्यू. कारखान्यांत ज्यूंना काम मिळणे कठीण म्हणून त्याने काही वर्षे इटालियन नाव लावले. १९३४ साली कॅलिफोर्नियाच्या बंदरांत खलाशी आणि गोदी कामगारांचा मोठा संप झाला, त्यात त्याला दोनदा पकडले आणि खटला न भरता सोडून दिले. तारुण्यात तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. पुढे तो पक्ष त्याने सोडला, महायुद्धात सैन्यात नोकरी केली, आणि पोक्त वयात कायद्याची पदवी घेतली. न्यू मेक्सिकोच्या परीक्षक मंडळाने त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही: खोटे नाव, अटका आणि पक्ष या तीन गोष्टींवरून याचे शील चांगले नाही. मे १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. व्यवसायासाठी उंच अटी घाला, पण त्या अटीचा आणि त्या कामाच्या लायकीचा बुद्धीला पटणारा संबंध असला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. श्वेअर वकिलीचा उमेदवार होता, औषधांचा नव्हे. पण हे माप कोणत्याही व्यवसायाला लावता येते.

आपल्याकडे शिक्षेवाचूनही माणसाला गुन्हेगार ठरविण्याची सोय होती, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुले जन्मतःच पोलिसांच्या वहीत जात. सोलापूरच्या वसाहतीतून हजेरी देऊन माणसे गिरणीत कामाला जात. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वही गेली तरी नजर जायला किती दिवस लागतात ते त्या वस्त्यांतील तरुणांना विचारावे.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी काही दारे उघडली आहेत, हेही सांगितले पाहिजे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली कोर्टाने एखाद्याला समज देऊन अगर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. हे बाराव्या कलमात आहे आणि आमच्या अनुभवात ते दहातल्या नऊ वकिलांना वेळेवर आठवत नाही. त्या पोराच्या वकिलालाही आठवले नव्हते. १९९६ मध्ये पवनकुमार नावाच्या हरियाणातील माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. वीस रुपये दंड झाला म्हणून त्याची नोकरी गेली होती. वीस रुपये! न्यायालयाने सांगितले की प्रत्येक शिक्षेत नैतिक अधःपतन असते असे नाही, आणि किरकोळ दंडांमुळे सरकारी नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून संसदेने कायदा करावा. २०१६ मध्ये अवतारसिंग यांच्या खटल्यात, अर्जात गुन्ह्याची माहिती दडविली तर काय करावे याचे नियम न्यायालयाने घालून दिले: गुन्हा क्षुल्लक असेल, तरुणपणी घोषणा देण्यासारखा असेल, तर नेमणूक करणाऱ्याला दडविणेही माफ करता येते. हे निकाल सरकारी नोकरीचे आहेत. फार्मासिस्टांच्या यादीला ते थेट लागू नाहीत. पण ज्या समितीला मत बनवायचे आहे तिने ते वाचलेले बरे.

तेव्हा आम्ही त्या पोराला सांगितले, खरे लिही. शिक्षा झाली हे एक वेळ माफ होते. दडविले तर छत्तिसाव्या कलमातले पहिलेच कारण आयते त्यांच्या हातात जाते. त्याने खरे लिहिले. परिषदेच्या यादीत त्याचे नाव आले, कोणी अडविले नाही. नोकरी मात्र त्या ठिकाणी मिळाली नाही. जागा भरली असे सांगण्यात आले आणि महिनाभराने तीच जाहिरात पुन्हा आली. मालकाच्या मनातल्या यादीला कलम नाही, अपील नाही. पुढे दुसऱ्या तालुक्यात एका वयस्क बाईंनी त्याला आपल्या दुकानात ठेवून घेतले. अजून तेथेच आहे. संध्याकाळी म्हाताऱ्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावीत असतो, कोऱ्या कागदावर सूर्य आणि चंद्र काढून.

आणि हे चालू असता दुसरीकडे काय चालले होते? सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा धंदा. नाव चौकटीत, माणूस आपल्या घरी किंवा भलत्याच नोकरीत, आणि गल्ल्यावर दहावी नापास पोरगा इंजेक्शने मोजून देतो आहे. त्याला पगार तुटपुंजा, आणि काही बिघडले तर तोच गॉडार्ड. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर आहे की नाही हे तपासण्यास कसून सुरुवात केली, तेव्हा दुकानदारांनी बंद पुकारले. भाड्याने दिलेले सर्टिफिकेट हे लाजिरवाणे वर्तन नव्हे तर काय? येथे नावे काढा. आम्ही टाळ्या वाजवू. नुसत्या चौकटीने काय होते ते मुंबईने १९८६ साली पाहिले आहे. जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेले ग्लिसरीन दिले गेले आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत प्रश्न बाटली हातात देणाऱ्याचा नव्हता. ती बाटली विकत कोणी घेतली, तपासली का नाही, आणि कोणाच्या शब्दावर आली, हा होता.

आता कामाच्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. नाव काढण्याचा हुकूम झाला तर घाबरून घरी बसू नये. कार्यकारी समितीच्या हुकुमाला संपूर्ण राज्य परिषदेची मान्यता लागते आणि ती मिळाल्यावरही तीन महिने तो अंमलात येत नाही. मान्यता कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. ही तीस दिवसांची तारीख चुकली की पुढचे सारे अवघड, म्हणून पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवावा. गेलेले नाव पुन्हा घालण्याची तरतूदही कायद्यात आहे: परिषदेला पुरेशी कारणे दिसली तर फी भरून नाव परत येते, अपील फेटाळले गेले असेल तर त्याला सरकारची मान्यता लागते.

आणि ही परिषद आकाशातून पडत नाही. तिचे सहा सभासद नोंदणीकृत फार्मासिस्टांनी आपल्यातून मत देऊन निवडायचे असतात. आमच्या ओळखीचे फार्मासिस्ट पुष्कळ आहेत. या निवडणुकीत मत दिले काय असे विचारले तर बहुतेक जण आमच्या तोंडाकडे पाहतात. मतपत्रिका आली होती खरी, म्हणतात, दुकानातच कोठेतरी पडली असेल. तेव्हा आज या सभेला जे कोणी त्या धंद्यातले आले असतील, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाशी थांबावे. सध्याच्या परिषदेची मुदत केव्हा संपते आणि मतदारयादीत आपले नाव व पत्ता बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही एक वही आणली आहे. तिच्यात नावे लिहून घेऊ.